मळीच्या वासामागून

पुण्याहून मिरजेकडे निघालेली गाडी आळंदी सोडून शिंदवण्याचा घाट चढायला लागली की मला आमची विहीर आठवते. लहानपणी याच रुळांवरून आम्ही गावी जायचो. गाव नदीकाठचं आणि विहीर नदीपासून हाकेच्या अंतरावर. 1984 साली, मी आठवीत असताना, आम्ही संक्रांतीला गावी गेलो होतो. सकाळी आबांनी पोहरा वर ओढला तर पाणी कोऱ्या चहासारखं. वास आधी गोडसर, मग आंबूस, आणि त्याच्या मागून कुजल्यासारखा. म्हशीने तोंड लावलं आणि मान फिरवली. नदीवर जाऊन पाहिलं तर मासे पोट वर करून काठाला लागलेले. वरच्या अंगाला एक कारखाना होता, त्याच्या डिस्टिलरीचं पाणी रात्रीतून सोडलं होतं. गावात त्याला एकच शब्द होता. बायका धुणं न धुता परत यायच्या आणि सांगायच्या, "मळी सुटली." पंचनामा झाला, अर्ज गेले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मळी सुटली.

मी पुढे रसायनशास्त्र शिकले आणि तीस वर्षं शिकवलं, त्यात त्या पोहऱ्याचा वाटा मोठा आहे.

माझा एक जुना विद्यार्थी कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात डिस्टिलरी सांभाळतो. दिवाळीत फोनवर बोलता बोलता म्हणाला, "मॅडम, तुम्ही वर्गात त्या विहिरीची गोष्ट सांगायचात. एकदा हंगामात या. मळीचं पाणी आता कुठे जातं ते दाखवतो." पौषात मी निघाले.

जेजुरीला गाडी थांबली तेव्हा डब्यातल्या निम्म्या लोकांनी गडाच्या दिशेने हात जोडले. मीही जोडले. पण अलीकडे जेजुरी म्हटलं की मला आणखी एक गोष्ट आठवते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने 2024 साली इथे जैवपॉलिमरचं एक प्रात्यक्षिक केंद्र सुरू केलं आहे. साखरेपासून लॅक्टिक आम्ल, त्यापासून लॅक्टाइड, आणि लॅक्टाइडचे मणी एकामागे एक ओवून पॉलिलॅक्टिक आम्ल नावाचं प्लास्टिक. लॅक्टिक आम्ल म्हणजे आपल्या दह्यातलं आम्ल. खनिज तेलाचा थेंबही न वापरता, विरजणातल्या रेणूपासून पेला किंवा वेष्टन करता येतं, ही गोष्ट मला अजूनही थरारक वाटते. मात्र हे प्लास्टिक नीट कुजायला साधारण 60 अंशांचा तापलेला कंपोस्टचा ढीग लागतो. गडाच्या पायरीवर टाकलेला पेला तसाच पडून राहील. हे न सांगता नुसतं कौतुक करणं मला पटत नाही.

नीरा स्टेशन गेलं, नदी ओलांडली. इथल्या नीरा डाव्या कालव्याचं काम एकोणिसाव्या शतकातलं, 1885 च्या सुमाराचं. दुष्काळी मुलखाला ज्वारी-बाजरी पिकवता यावी म्हणून आणलेलं पाणी हळूहळू उसाकडे वळलं आणि उसामागून कारखाने आले. पुढे आदर्कीचा घाट, वाठार, सातारा. रहिमतपूरच्या पुढे दोन्ही बाजूंना उसाला तुरे आलेले, आणि उन्हात ते तुरे चांदीच्या कलाबतूसारखे हलत होते. कऱ्हाडला उतरले. विद्यार्थी जीप घेऊन आला होता. डोक्यावर पांढरे केस दिसायला लागलेत त्याच्या, पण दप्तर घेण्यासाठी पुढे झालेला हात तोच.

कारखाना दिसायच्या आधी कारखान्याचा वास येतो. रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मधूनच बैलगाडी, बैलांच्या शिंगांना रिफ्लेक्टरच्या पट्ट्या. काट्यावर रांग होती. गव्हाणीत ऊस पडतानाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा दचकलेच. मोळ्याच्या मोळ्या खाली कोसळतात, सुऱ्यांखाली जातात, मग श्रेडर त्यांचा भुगा करतो आणि एकामागे एक उभ्या मिल्स तो पिळत जातात. हा कारखाना दिवसाला 5,000 टन ऊस गाळतो.

"मॅडम, इथे येणारा माणूस विचारतो साखर किती निघते," तो म्हणाला. "तुम्ही विचारा, पाणी किती निघतं."

प्रश्न बरोबर होता. 100 किलो उसात साधारण 70 किलो पाणीच असतं. साखर हाती येते 10-11 किलो. 28 ते 30 किलो बगॅस, म्हणजे पिळून उरलेला भुसा, तोही निम्मा ओला. 3-4 किलो प्रेसमड, म्हणजे रस निवळताना खाली बसलेला गाळ. आणि 4 किलोच्या आसपास मळी, म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेला काळा पाक. साखर कारखाना म्हणजे खरं तर पाणी वेगळं करण्याचा कारखाना आहे. साखर झाडानेच बनवून ठेवलेली असते, सूर्याच्या उन्हात, बारा ते अठरा महिने शेतात उभं राहून. माणसाने करायचं ते फक्त तिच्याभोवतीचं पाणी आणि मळ दूर करणं. हे काम किती जळण जाळून करता, यावर सगळं अवलंबून आहे.

म्हणून मी त्याला आधी इव्हॅपोरेटरकडे न्यायला सांगितलं. वर्गात फळ्यावर याची चित्रं मी शेकडो वेळा काढली असतील. प्रत्यक्षात पाच पोलादी पिंपं, प्रत्येक दोन मजली घराएवढं, एकाला एक जाड नळ्यांनी जोडलेलं. प्रत्येकाच्या पोटाला काचेची गोल खिडकी. पहिल्या खिडकीला डोळा लावला तर आत पिवळा रस खदखदत होता. पाचव्या पिंपापाशी आलो तोवर तोच रस काकवीच्या रंगाचा झालेला, बुडबुडे जड, सावकाश फुटणारे. रस आत येतो तेव्हा त्यात 15 टक्क्यांच्या आसपास विरघळलेला ऐवज असतो, बाहेर पडतो तेव्हा 60 टक्के. म्हणजे दर 100 किलो रसातून 75 किलो पाणी इथे उडवलं जातं. 5,000 टन उसाला साधारण तितकाच रस धरला तर दिवसाला 3,700 टनांहून जास्त पाणी.

चुलीवरची कढई घ्या. एक किलो पाण्याची वाफ करायला जवळजवळ एक किलो वाफेची उष्णता लागते आणि वर गेलेली वाफ घराच्या कौलातून निघून जाते. पूर्वी जगभर साखर अशीच व्हायची. अमेरिकेतल्या लुइझियानात कढयांची रांग असायची आणि उकळता रस एका कढईतून दुसऱ्या कढईत लांब दांड्याच्या पळ्यांनी गुलाम ओतायचे. भाजणं, मरणं नित्याचं. त्याच लुइझियानात, न्यू ऑर्लिन्समध्ये, 1806 साली नॉर्बर्ट रिलियू जन्मला. वडील गोरे मळेवाले, आई मुक्त कृष्णवर्णीय स्त्री. मुलगा पॅरिसला शिकला, तिथे वाफेच्या यंत्रांवर शिकवू लागला, आणि परत येऊन 1843 साली त्याने एक पेटंट घेतलं. कल्पना अशी: बंद पिंपात रस उकळा, त्याची वाफ वाया न घालवता शेजारच्या पिंपाला तापवायला द्या. शेजारच्या पिंपात हवा काढून घेऊन दाब कमी केला की रस कमी तापमानाला उकळतो, त्यामुळे आधीच्या पिंपाची थोडी थंड झालेली वाफही त्याला पुरते. मग त्याची वाफ तिसऱ्याला. पहिलं पिंप शंभराच्या वर तापतं, शेवटच्यात 55-60 अंशांना उकळी फुटते. एकदा केलेली वाफ पाच वेळा कामाला येते आणि साखरही करपत नाही. आदर्श हिशेबाने इंधन पाचव्या हिश्शावर येतं. ज्या समाजात त्याला रंगामुळे बरोबरीची जागा नव्हती, त्या समाजातल्या गुलामांच्या हातातली पळी त्याच्या यंत्राने निरुपयोगी केली. तो अखेरीस फ्रान्सला परतला आणि 1894 साली पॅरिसमध्ये वारला. आज दूध आटवण्यापासून समुद्राचं पाणी गोडं करण्यापर्यंत त्याची युक्ती चालते. शाश्वत रसायन उद्योगाच्या गप्पा नव्या असतील, त्याचा पाया मला या पाच पिंपांत दिसतो.

पिंपाला हात लावून मी थोडी जास्तच वेळ उभी राहिले असणार. "मॅडम, अजून बरंच चालायचंय," तो म्हणाला.

वर पॅनच्या मजल्यावर एक पॅनमन होते, चाळीस हंगाम काढलेले. साखरेचे दाणे वाढवण्याचं काम त्यांचं. निर्वात पॅनमधून त्यांनी एक पितळी दांडा फिरवून काढला, टोकाशी आलेला काकवीसारखा घट्ट नमुना काचेच्या पट्टीवर घेतला, उजेडाकडे धरला आणि मग अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळला. "अजून बारीक आहे." पॅनेलवर तापमान, दाब, घट्टपणा सगळं आकड्यांत दिसत होतं, तरी त्यांनी बोटांना विचारलं. मला पट्टी दिली. मी चोळून पाहिलं, मला नुसती रेती लागली. "हंगाम लागतो बाई," ते म्हणाले.

बगॅसचा विषय मी घाईने सांगते, कारण तो आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. जुने कारखाने कमी दाबाचे बॉयलर मुद्दाम ठेवत. भुसा संपवायचा असायचा, जितका जास्त जळेल तितकं बरं. आता 87 किंवा 110 किलो दाबाच्या बॉयलरमध्ये तोच भुसा जाळून आधी टर्बाइन फिरवतात, वीज करतात, आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ या पिंपांना देतात. टनभर उसाला पूर्वी पाचशे किलोंच्या वर वाफ लागायची, ती चांगल्या कारखान्यांत चारशेच्या खाली आली आहे. वाचलेल्या भुशाची वीज महावितरणला जाते. चिमणीची काजळी अजूनही आसपासच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. तिथल्या वसाहतीतल्या बायकांनी मला दोरीवरचा परकर दाखवला.

डिस्टिलरी कारखान्याच्या मागच्या अंगाला आहे. मळी पातळ करून फर्मेंटरमध्ये घेतात आणि यीस्ट सोडतात. मी त्याला विचारलं, "समीकरण आठवतं का रे?" त्याने चालता चालता म्हणून दाखवलं. ग्लुकोजच्या 180 ग्रॅममधून 92 ग्रॅम अल्कोहोल आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे वजनाने जवळजवळ निम्मी साखर हवेत जाते. हा कार्बन उसाने वर्षभरापूर्वी हवेतूनच घेतलेला, म्हणून हिशेब वाढत नाही. इथे तो वायूही धुऊन, दाबून टाक्यांत भरतात. शीतपेयांना आणि कोरड्या बर्फाला जातो.

ऊर्ध्वपातनाचे स्तंभ पाहून मला माझ्या एम.एस्सी.ची प्रयोगशाळा आठवली. पाणी आणि अल्कोहोल नुसतं उकळून पूर्ण वेगळं होत नाही. साडेपंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास दोघं एकमेकांचा हात घट्ट धरतात आणि एकत्रच वाफ होतात. पेट्रोलमध्ये मिसळायचं तर जवळपास कोरडं अल्कोहोल हवं. आमच्या काळी हा हात सोडवायला बेंझीन घालत. बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो. आम्ही ते प्रयोगशाळेत उघड्या बाटलीतून हुंगत वापरलं आहे. इथे बेंझीनचा मागमूस नाही. त्या जागी झिओलाइटच्या बारीक गोळ्यांनी भरलेले दोन उभे डबे आहेत. गोळीतली भोकं 3 अँगस्ट्रॉमची. पाण्याचा रेणू 2.8 चा, तो आत शिरतो आणि अडकतो. अल्कोहोलचा 4.4 चा, तो बाहेरून निघून जातो. एक डबा भरला की दुसरा चालू, आणि भरलेल्यातलं पाणी दाब कमी करून काढून घ्यायचं. विषारी द्रावक वापरून मग त्याला आवरत बसण्यापेक्षा तो लागणारच नाही अशी रीत शोधायची. पॉल अ‍ॅनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी 1998 साली हरित रसायनाची बारा तत्त्वं मांडली. त्यांतली दोन-तीन तरी त्या डब्यांपाशी उभं राहून समजावता येतात. पुढच्या वर्षी वर्गात मी हेच उदाहरण देणार आहे.

याच स्तंभांनी डिसेंबर 2023 चा धक्काही पाहिला. पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल, म्हणजे हेच अल्कोहोल, करायला केंद्राने एकाएकी मनाई केली. 2024 च्या ऑगस्टअखेर ती उठली. पेट्रोलमध्ये 20 टक्के मिश्रणाचं लक्ष्य 2030 वरून 2025 वर अलीकडे ओढलं गेलं होतं, त्या भरवशावर कर्ज काढून टाक्या उभ्या केलेल्या. "आम्ही मळीवर चालवलं," तो एवढंच म्हणाला.

आणि मग तो स्तंभाच्या बुडाशी थांबला. नळ उघडून त्याने काचेच्या बाटलीत ते पाणी घेतलं. वाफाळतं, काळपट तपकिरी. मी बाटली नाकाशी नेली आणि चाळीस वर्षं मागे गेले. तोच वास. आधी गोडसर, मग आंबूस. मला क्षणभर बोलता येईना.

याला इथे स्पेंटवॉश म्हणतात. अल्कोहोल काढून घेतल्यावर खाली उरलेलं सगळं. एक लिटर अल्कोहोलमागे 8 ते 12 लिटर. ही डिस्टिलरी दिवसाला 60,000 लिटर अल्कोहोल करते, म्हणजे 6 लाख लिटर स्पेंटवॉश. त्यातलं सेंद्रिय द्रव्य कुजताना लिटरमागे 40 ते 50 हजार मिलिग्रॅम ऑक्सिजन ओढतं. घरगुती सांडपाण्याला लागतो 200 ते 300. ढोबळ हिशेब मांडला तर या एका डिस्टिलरीचं एका दिवसाचं पाणी म्हणजे आठ-नऊ लाख वस्तीच्या शहराचं गटार. आणि नदीच्या लिटरभर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो जेमतेम 8 मिलिग्रॅम. 1984 च्या त्या रात्री आमच्या नदीतल्या माशांचा श्वास कोंडला होता. मला हे कळायला कॉलेजचं दुसरं वर्ष यावं लागलं. रंगाचं कारणही तेव्हाच कळलं. साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापली की मेलॅनॉइडिन नावाचे तपकिरी रेणू बनतात. भाकरीच्या पापुद्र्यावरचे खरपूस ठिपके तेच, पावाची कडही तीच. तव्यावर ते हवेसे वाटतात, पण जिवाणूंना ते सहजी खाता येत नाहीत. म्हणून आमच्या विहिरीचा रंग पावसाळ्यापर्यंत हटला नव्हता.

आता त्याचं काय होतं ते त्याने क्रमाने दाखवलं. स्पेंटवॉश आधी पुन्हा तशाच पिंपांच्या माळेत जातो. तीच रिलियूची युक्ती, वाफेवर वाफ. 55-60 टक्के घट्ट झाला की तो डांबरासारखा ओघळतो. मग एका वेगळ्या बॉयलरमध्ये फवारून बगॅसच्या सोबतीने जाळतात. त्यातून निघालेली वाफ डिस्टिलरीच चालवते. उडालेलं पाणी थंड करून, स्वच्छ करून पुन्हा मळी पातळ करायला घेतात. चिमणीखाली उरते राख, आणि या राखेत पोटॅश. उसाने जमिनीतून ओढलेलं पालाश साखरेत जात नाही, मळीत राहतं. यीस्टही ते सोडून देतं. शेवटी ते राखेत सापडतं. तिचे दाणे करून पोत्यात भरतात. खत नियंत्रण आदेशात मळीपासूनच्या या पोटॅशला स्वतंत्र जागा आहे, किमान 14.5 टक्के पालाशाच्या अटीवर. आपला देश म्युरेट ऑफ पोटॅश सगळंच्या सगळं बाहेरून आणतो. आणि माझ्या लहानपणी तेच पालाश आम्ही नदीत सोडत होतो.

मी म्हटलं, "नाला दाखव."

तो हसला नाही. चालायला लागला. कुंपणापलीकडे ओढ्याकडे उतरणारा जुना सिमेंटचा पाट होता आणि पाटाच्या तोंडाशी एक जाड लोखंडी नळी. नळीच्या तोंडावर पोलादी तबकडी वेल्डिंग करून बसवलेली, वेल्डचे टाके गंजून लाल झालेले. मी बोटाने सगळी कड चाचपली. पाटात वाळलेलं गवत, त्यात एका टिटवीचं नुसतं खळगं. वर खांबावर कॅमेरा. "याचं चित्र सरळ प्रदूषण मंडळाकडे जातं," तो म्हणाला. 2003 साली डिस्टिलऱ्यांना हे पाणी बाहेर सोडू नका असं बंधन घातलं गेलं, तेव्हापासून ही तबकडी बसेपर्यंत बरीच वर्षं गेली, हेही त्यानेच सांगितलं.

"पण बॉयलर बंद पडला तर?"

"पडतो. पोटॅशची राख लवकर वितळते, नळ्यांवर चिकटते. ठरावीक दिवसांनी बंद करून खरवडायलाच लागतो. तेवढ्या दिवसांचं साठवायला अस्तर घातलेलं तळं आहे. तळं भरलं की मी फर्मेंटर थांबवतो. वरून फोन येतात. मी थांबवतो."

हे तो ज्या आवाजात म्हणाला, त्यासाठी मी इतक्या लांब आले असं मला वाटलं. यंत्रं चांगली आहेत. ती उभी करणाऱ्या पुण्याच्या कंपन्यांचा, मांजरीला 1975 पासून यावर काम करणाऱ्या आजच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचा मला अभिमान आहे. तरी रात्री दोन वाजता तळं काठोकाठ असताना झडप बंद ठेवायची की उघडायची, हे तिथे उभा असलेला माणूस ठरवतो. त्याच्या पाठीशी कारखाना उभा राहतो की नाही, यावर खालच्या गावच्या विहिरी अवलंबून असतात.

संध्याकाळी गेटबाहेर ऊसतोडणीच्या टोळ्यांच्या कोप्यांकडे गेले. बीडकडून आलेली माणसं. पाचट आणि बांबूच्या कमानी, आत पोतं, बाहेर चूल. एक बाई वाढ्यांचा भारा सोडून भाकऱ्या थापायला बसली होती. चुलीला पाचटच. मला बसायला तिने वाकळेची घडी टाकली.

"कुठून आलात ताई?"

"पुण्याहून. कारखाना बघायला."

"आमी इतकी वर्सं येतोय, आतून न्हाई बघितला," ती म्हणाली.

पाणी कुठून भरता म्हणून विचारलं. टँकर येतो, एक दिवसाआड. पहाटे तीनला फडात जायचं, त्याच्या आधी भरायचं. दुपारी मी आत कंडेन्सेटचा प्लँट पाहिला होता. उसातूनच निघालेलं पाणी, वाफ होऊन पुन्हा पाणी झालेलं, ते गाळून निर्मळ करतात. नदीचं पाणी न उचलता कारखाना त्यावर चालतो आणि उरलेलं बागेला जातं. बागेत गुलाब होते. तिथून या कोप्या तीनशे पावलांवर. रात्री अतिथिगृहात जेवताना मी हे विद्यार्थ्याला सांगितलं. ते पाणी प्यायचं नसलं तरी आंघोळीला, धुण्याला, संडासाला चालेल, एक पाइप टाकायला किती लागतं? तो गप्प राहिला. मग म्हणाला, "फार लांबचं काम नाही. माझ्या डोक्यात आलं नव्हतं, मॅडम." त्याने वहीत लिहून घेतलं. आता दर महिन्याला मी त्याला फोन करून विचारते. मागच्या फोनला मंजुरी कागदावर होती.

एक हिशेब मात्र भिंतीच्या आत बसत नाही. ज्या पाण्याची आत एवढी काटकसर, ते शेतातल्या उसाला पाटाने भरभरून दिलं जातं. टंचाईच्या वर्षी वरच्या गावात हंडे रिकामे आणि खाली ऊस हिरवागार, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ठिबकने पाणी खूप वाचतं, पाचट न जाळता कुजवलं की जमिनीतली ओल टिकते. ज्या शेतकऱ्यांनी हे केलं त्यांचा ऊस मी रस्त्याने पाहिला, त्याच्या शेजारीच पेटवलेलं पाचटही पाहिलं. इथेनॉलला हिरवं इंधन म्हणताना हे पाणी हिशेबात धरावंच लागेल.

परतताना गावी उतरले. आबा जाऊन बावीस वर्षं झाली, शेती भाऊ बघतो. विद्यार्थ्याने दिलेली पोटॅशची दोन किलोंची पिशवी मी ओसरीवर भावापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. त्याने करडे दाणे तळहातावर घेतले, चोळले, मग नाकाशी नेले. बराच वेळ तसाच धरून राहिला.

"मळीचंच ना हे?"

"तिचंच."

"आबांनी बांधाला लागू दिलं नसतं."

वहिनीने चहा आणला. तो उठला, पिशवीचं तोंड दोरीने बांधलं आणि गोठ्याच्या वळचणीला खुंटीवर टांगली. विहिरीपासून लांब. "खालच्या वावरात चार सऱ्यांना टाकून बघतो," म्हणाला, "वरच्या चार तशाच ठेवतो."